कोणीच न पाहिलेला डोंगर 'सापडला' असं म्हणता येतं का?

सह्यवेडी

नमस्कार मंडळी. परवा भाची शाळेच्या प्रश्नमंजुषेची तयारी करत होती. यादीत एक प्रश्न निघाला: जगातली कोणती मोठी पर्वतरांग आजवर कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही? मी म्हटलं, छपाईची चूक असेल, पुढचा घे. तर खाली उत्तर छापलेलं: गाम्बुर्त्सेव्ह पर्वत, पूर्व अंटार्क्टिका.

मग रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. लांबी बाराशे किलोमीटरच्या घरात, उंची आल्प्सच्या तोडीची, आणि सगळीच्या सगळी रांग बर्फाखाली गाडलेली. सर्वांत उंच शिखरावरसुद्धा सहाशेच्या आसपास मीटर बर्फ, दऱ्यांवर तर तीन किलोमीटरपेक्षा जास्त. एक सुळका म्हणून बाहेर डोकावत नाही. आणि तरी १९५८ साली सोव्हिएत मोहिमेने ती 'शोधली' म्हणे.

मी पडले ट्रेकर. आमच्याकडे माथ्यावर पाय टेकल्याशिवाय किल्ला मोजत नाहीत. ज्या डोंगराचा साधा खडा कोणाच्या हातात आलेला नाही, त्याचा शोध लागला कसं म्हणायचं? फार तर अंदाज म्हणा. भाचीला हेच ऐकवलं तर ती म्हणाली, "मावशी, मार्क उत्तराला आहेत."

तुमचं काय मत?

ट्रेकर_तात्या

पहिला! बाकी चहा पिऊन लिहितो.

निवांत_नेने

आमचे बंधू रतनगडाच्या अर्ध्यातून परत येऊन वर जाऊन आलो म्हणून सांगतात, त्यापेक्षा हे रशियन बरे.

खडकवेडा

सह्यवेडी, 'अंदाज' शब्दाने सोव्हिएत मंडळींवर अन्याय होतोय. त्यांनी काय केलं ते आधी सांगतो.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. बारा देशांनी अंटार्क्टिकात तळ टाकले. बहुतेकांनी किनाऱ्यावरच्या जागा धरल्या, सोव्हिएतांनी अंगावर घेतला खंडाचा आतला, सगळ्यात वाईट भाग. ट्रॅक्टरच्या मागे लाकडी खोल्या जोडायच्या आणि हजारो किलोमीटर आत जायचं. वाटेत ठरावीक अंतरावर थांबून बर्फात भोक पाडायचं, त्यात सुरुंग उडवायचा आणि बाजूला ओळीने मांडलेल्या जिओफोनवर, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या यंत्रांवर, धक्का कधी परत येतो ते मोजायचं. बर्फातून हा धक्का सेकंदाला साधारण ३८०० मीटरने जातो. खालच्या खडकावर आपटून तो दीड सेकंदाने परत आला तर बर्फ पावणेतीन-तीन किलोमीटर. पठारावर सगळीकडे असंच येणार ही अपेक्षा, कारण वरून जमीन कशी, तर परातीसारखी सपाट.

आणि एका टापूत परतीची वेळ एकदम आखडली. सुरुंग तोच, यंत्र तेच, वरचा बर्फ तसाच सपाट. खालचा खडक मात्र दोन-अडीच किलोमीटर वर आलेला. पुढच्या थांब्यांवर पुन्हा खाली, पुन्हा वर. सपाट पठाराच्या पोटात डोंगर आहेत हे असं कळलं. ग्रिगोरी गाम्बुर्त्सेव्ह या भूकंपशास्त्रज्ञाचं नाव दिलं, पण तो १९५५ मध्येच वारला होता. ज्याच्या नावाने डोंगर, त्याला तो असल्याचा पत्ताही नव्हता.

याच मोहिमेचे लोक डिसेंबर १९५८ मध्ये किनाऱ्यापासून सर्वांत दूरच्या बिंदूवर पोचले आणि तिथल्या झोपडीच्या छपरावर लेनिनचा पुतळा बसवून आले. झोपडी आता बर्फात गडप झालीय, पुतळा अजून बाहेर डोकावतो.

निवांत_नेने

म्हणजे डोंगर गाडलेला आणि पुतळा वर. आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी असंच आहे.

मोद_मीना

थोडक्यात टिचकी मारून कलिंगड पिकलंय का बघतात तसं. माझे बाबा दहा कलिंगडं वाजवून अकरावं घ्यायचे आणि घरी आल्यावर ते पांढरं निघायचं. म्हणून सह्यवेडींना +१. कापल्याशिवाय खरं नाही.

दालदी_दर्या

मीनाताई, कलिंगडाचं जाऊ दे. आमचं घर रत्नागिरीचं, आजोबांची होडी. समुद्राखाली कुठे खडप आहे हे त्यांना तोंडपाठ. बुडी मारून कोणी पाहिलेलं नाही. शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडायचा, वाव मोजायचे. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली, तिला रेती चिकटून आली तर रेती, चिखल आला तर चिखल, काहीच आलं नाही आणि खण्ण लागलं तर खडप. ज्याला हे कळलं नाही त्याचं जाळं फाटायचं. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन शिवत बसलं की खडप 'अंदाज' वाटत नाही हो.

आता भावाच्या लाँचवर फिशफाईंडर आहे, पडद्यावर खडपाची रेघ उमटते. आजोबांची खडपं जिथे होती तिथेच आहेत.

सह्यवेडी

दालदी_दर्या, चरबीची गंमत माहीत नव्हती. क्या बात! पण बघा, तुमच्या आजोबांच्या गोळ्याला निदान रेती चिकटून तरी यायची. माझा मुद्दा तोच आहे. हातात काय आलं?

जुनी_वही

'डोळ्यांनी दिसेल तोच डोंगर' हा निकष लावलात तर मोठी पंचाईत आहे. ध्रुवांच्या इतिहासात डोळ्यांनी धडधडीत दिसलेले, नावं दिलेले, नकाशात चढलेले डोंगर नंतर नाहीसे झालेत. एक गोष्ट सांगते, लांबण लागेल.

१८१८. ब्रिटिश आरमाराचा जॉन रॉस कॅनडाच्या वरून पॅसिफिकला जायचा वायव्य मार्ग शोधायला उत्तरेत गेला. लँकेस्टर सामुद्रधुनीत शिरतो तो समोर डोंगरांची भिंत, वाट बंद. त्याने आरमाराच्या सचिवाचं नाव देऊन टाकलं, क्रोकर पर्वत, आणि जहाज फिरवलं. मागच्या जहाजाचा कप्तान होता विल्यम पॅरी. त्याला ते डोंगर काही पटले नाहीत. पुढच्या वर्षी आरमाराने पॅरीलाच पाठवलं. तो त्याच सामुद्रधुनीत शिरला आणि जिथे क्रोकर पर्वत उभे होते तिथून शिडं फुगवून आरपार गेला. रॉसची लंडनमध्ये जी शोभा झाली ती विचारू नका.

आता पुढे. या जॉनचा पुतण्या जेम्स क्लार्क रॉस. पोरगा काकाच्या मोहिमेवरही होता आणि पॅरीच्या मोहिमेवरही, म्हणजे काकाचे डोंगर विरघळताना त्याने जवळून पाहिलेले. पुढे हाच जेम्स १८४१ मध्ये दक्षिणेत गेला, इरेबस ज्वालामुखी पाहिला, तो प्रचंड हिमकडा पाहिला ज्याला आज त्याचं नाव आहे. कड्यापलीकडे दूर दक्षिणेला त्याला डोंगरांची रांग दिसली. त्याने तिला नाव काय द्यावं? पॅरी पर्वत!

साठ वर्षांनी स्कॉटची पहिली मोहीम तिथे गेली. पॅरी पर्वत नव्हतेच.

ट्रेकर_तात्या

😂😂 काकाचे डोंगर ज्याने खोडले त्याच्याच नावाने पुतण्याने खोटे डोंगर उभे केले! काका-पुतण्याचं हे प्रकरण महाराष्ट्राबाहेरही आहे तर.

निवांत_नेने

तात्या, राजकारणाचा वेगळा धागा आहे. तिथेही बरेच डोंगर आरपार गेलेत.

मोद_मीना

पण दिसतात कसे? सगळ्या जहाजाला एकदम भास होतो का?

जुनी_वही

भास नाही, मृगजळच, थंडीतलं. बर्फालगतची हवा अतिथंड आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसला की प्रकाश वाकतो. क्षितिजावरचा बुटका बर्फसुद्धा ताणला जाऊन कडे-सुळके असलेल्या डोंगरासारखा उभा राहतो. प्रतिमा खरीच असते, फक्त तिथे डोंगर नसतो.

उत्तरेत १९०६ मध्ये पिअरीनेही क्षितिजावर भूमी दिसल्याचं जाहीर केलं, क्रॉकर लँड. १९१३ मध्ये मॅकमिलन ती शोधायला निघाला. त्यालाही दिसली! बरोबरचा इनुइट वाटाड्या सांगत होता की साहेब, हे धुकं आहे. साहेब तरीही फुटत्या समुद्रबर्फावरून कित्येक मैल पुढे गेले, मग पटलं.

ट्रेकर_तात्या

वाटाड्याचं न ऐकण्याची परंपरा जागतिक आहे हे वाचून गहिवरून आलं. १९९८ च्या पावसात कोकणकड्यावर आमच्या म्होरक्याला धुक्यात 'समोर अजून एक कडा' दिसला होता. पाचनईचा मामा म्हणत होता, काय न्हाई तिथं. म्होरक्या म्हणे, मला दिसतोय ना! अर्ध्या तासाने धुकं हटलं. समोर काहीच नाही, खाली कोकण. त्या दिवसापासून म्होरक्या मामाच्या मागून चालायला लागला.

गूढ_गंगाधर

हे सगळं ठीक. पण अंटार्क्टिकाच्या डोंगरात १९३९ साली जर्मनांनी गुप्त तळ बांधला होता हे कोणी का लिहीत नाही? पाणबुड्या, बोगदे, सगळं. गुगलवर बघा.

निवांत_नेने

आले! काढा रे पॉपकॉर्न.

वास्कोकर

गंगाधरराव, त्या डोंगरांशी आमच्या गावाचा संबंध आहे म्हणून लिहितो.

जर्मन मोहीम खरी होती. श्वाबेनलँड नावाचं जहाज, आल्फ्रेड रिट्शर प्रमुख, त्यावर बोरिआस आणि पासात ही दोन डॉर्निअर विमानं. कॅटापुल्टने जहाजावरून उडवायची, पाण्यावर उतरली की क्रेनने उचलून घ्यायची. जानेवारी १९३९ च्या मध्यानंतर पोचले, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परत निघाले. तीन आठवडेसुद्धा धड नाहीत. तेवढ्यात बोगदा सोडा, आमच्याकडे गटारसुद्धा होत नाही. त्यांनी हजारो हवाई फोटो काढले, हद्द दाखवायला स्वस्तिक कोरलेले ॲल्युमिनियमचे बाण वरून टाकले आणि ते यायच्या काही दिवस आधी, १४ जानेवारीला, नॉर्वेने तो अख्खा मुलूख आपला म्हणून जाहीर केला होता.

पण त्या फोटोंमध्ये किनाऱ्यापासून आत एक लांबच लांब डोंगररांग होती, तोवर माणसाला माहीत नसलेली. तिच्यातल्या एका मोठ्या गटाला वोल्थाट हे नाव दिलं, गोअरिंगच्या हाताखालचा अर्थखात्यातला अधिकारी. आणि बोरिआसचा वैमानिक होता शिर्माखर. त्याला बर्फाच्या वाळवंटात वरून तळ्यांनी भरलेली उघडी तपकिरी जमीन दिसली.

त्या शिर्माखर ओअॅसिसवर आज आपलं 'मैत्री' हे संशोधन केंद्र आहे. १९८१ च्या ६ डिसेंबरला पहिली भारतीय मोहीम आमच्या गोव्याच्या बंदरातूनच निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर. आधी दक्षिण गंगोत्री, मग मैत्री. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. आम्ही लहानपणी त्या रस्त्याने मासे आणायला जायचो.

मोद_मीना

म्हणजे वोल्थाट डोंगरही विमानातून 'सापडले', पाय कोणी ठेवला नव्हता. सह्यवेडींच्या निकषाने तेही अंदाजच!

वास्कोकर

अर्धे अंदाजच होते, खरं सांगायचं तर. जमिनीवर मोजलेला एकही पक्का बिंदू हाताशी नव्हता, त्यामुळे जर्मन नकाशावर जागा आणि उंच्या बऱ्याच चुकल्या. पायी फिरून, खडक फोडून नकाशे पुढच्या लोकांनी दुरुस्त केले, त्यात आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेही लोक होते. मैत्रीवरून हेलिकॉप्टरने दक्षिणेला जायचं, तंबू ठोकून आठवडे काढायचे. हे काम फुकट झालेलं नाही. जानेवारी १९९० मध्ये हंबोल्ट पर्वतातल्या तळावर तंबूत कार्बन मोनॉक्साइड कोंडून आपले चार जण गेले.

खडकवेडा

त्या चौघांना नमस्कार. थंडीत तंबू बंद करून आत काहीही पेटवणाऱ्या ट्रेकरांनी हे दोनदा वाचावं.

ट्रेकर_तात्या

वाचलं. आणि गेल्या डिसेंबरात आम्ही तंबूत शेगडी पेटवली होती हे कबूल करतो. पुन्हा नाही.

चांदागडकर

राम राम. धागा उशिरा पाहिला. तुम्ही सगळे गोवा-रत्नागिरी करून राहिले, आमच्या चांद्याले कोणी विचारतच नाही!

स्कॉट १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परत येताना बिअर्डमोर हिमनदीच्या काठच्या बकली डोंगराखाली थांबला. सगळे उपाशी, पाय काळे पडलेले. तरी बरोबरच्या विल्सनने खडक गोळा केले. १६ किलो दगड! नोव्हेंबरात शोधपथकाले तंबूत त्यांचे देह सापडले, जवळच घसरगाडीवर ते दगडही होते, टाकून दिले नव्हते. त्यात पानाचे ठसे निघाले, ग्लॉसॉप्टेरिस. जिभेसारखं लांबट पान, मधे ठळक शीर.

तेच पान आमच्याकडे निघते ना बाप्पा! कामठीच्या खडकात, वर्धा खोऱ्याच्या कोळशाच्या पट्ट्यात. माझे वडील कोळसा खाणीत होते, घरी टीव्हीवर गणपतीच्या शेजारी असा एक ठसा ठेवलेला असे. आई त्याले रोज धूळ झटकताना म्हणे, ह्या पानाची भाजी होते का? हा सगळा भाग एकेकाळी एकसंध होता, त्याले नावच गोंडवन, आमच्या गोंडांवरून.

अन् अजून एक. इरईजवळ नदीकाठी चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदीने दगड घासत नेल्याचे. १८७० च्या दशकातच इंग्रज भूवैज्ञानिकांनी ओळखले. जिथे उन्हाळ्यात पारा ४७-४८ ले जाते, तिथे.

निवांत_नेने

चंद्रपुरात हिमनदी! कूलर कंपन्यांनी जाहिरातीत घ्यावं.

टोरांटोची_ताई

चांदागडकर, अंगावर काटा आला. १६ किलो! मी विमानाच्या सामानात दोन किलो जास्त झाले तर लोणचं काढून ठेवते.

खडकवेडा

चांदागडकरांनी बरोब्बर ठिकाणी आणून सोडलं. गाम्बुर्त्सेव्हचं कोडंही गोंडवनातच अडकलंय.

१९५८ नंतर पन्नास वर्षं प्रश्न हाच होता की हे डोंगर तिथे उभे कसे. डोंगर सहसा खंडांच्या टकरीतून होतात, हिमालयासारखे. पूर्व अंटार्क्टिका म्हणजे अतिप्राचीन, थंड पडलेला खंड, कडेपासून दूर. म्हातारे डोंगर झिजून गोल होतात, हे तर टोकदार. मग २००८-०९ मध्ये सात देशांनी मिळून मोहीम काढली. दोन छोटी ट्विन ऑटर विमानं, पंखांखाली रडारचे अँटेना, साडेतीन हजार मीटर उंचीवरचा बर्फाळ तळ. रेडिओ लहरी बर्फातून आरपार जाऊन खडकावरून परततात. नांगराच्या तासासारख्या रेघा मारत १ लाख २० हजार किलोमीटर उड्डाण केलं, म्हणजे पृथ्वीभोवती तीन फेऱ्या. चित्र उभं राहिलं ते सुळके, धारा, फांद्याफांद्यांनी फुटलेल्या दऱ्या यांचं. नद्यांनी कोरलेल्या, मग छोट्या हिमनद्यांनी खणलेल्या. म्हणजे बर्फाचं झाकण पडण्याआधी तिथे पाणी खळखळत होतं.

२०११ मध्ये मांडलेला हिशोब असा: खाली एक अब्ज वर्षांपूर्वीच्या टकरीतलं जाड कवच आहे, डोंगराचं मूळ म्हणा. वरचे मूळ डोंगर कधीच झिजून गेले. पुढे २५ ते १० कोटी वर्षांपूर्वी गोंडवन ताणलं जाऊन फाटू लागलं, ती भेग पूर्व अंटार्क्टिकापासून पार भारतापर्यंत. त्या ओढाताणीत जुनं मूळ पुन्हा वर उचललं गेलं, नद्यांनी ते कोरलं, आणि ३.४ कोटी वर्षांपूर्वी बर्फाने सगळं झाकलं. तेव्हापासून झीज जवळपास थांबली. फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं.

सगळ्यात विलक्षण म्हणजे तिथे बर्फ वरूनच साठत नाही. खोल दऱ्यांत बुडाशी वितळलेलं पाणी दाबाने उताराच्या उलट वर ढकललं जातं आणि धारेजवळ बर्फाच्या तळाला खालून पुन्हा गोठतं. तिथल्या बर्फाच्या तळाचा जवळजवळ चतुर्थांश भाग असा खालून चिकटलेला आहे.

दालदी_दर्या

पाणी चढावर? आजोबा असते तर म्हणाले असते, भरतीला खाडीत काय होतं मग.

गूढ_गंगाधर

पण बोगदे...

वास्कोकर

गंगाधरराव, वास्कोला या. कालवं खायला घालतो, मग बोलू.

सह्यवेडी

बापरे, चार दिवसांत कुठून कुठे गेला धागा. खडकवेडा, रडारचं चित्र पाहिलं आणि कलावंतिणीच्या दुर्गासारखा एक सुळका त्यात शोधत बसले. हरलेच असं वाटतंय. पण खड्याचा मुद्दा अजून सोडत नाही. त्या रांगेतला दगड कोणाच्या हातात आलाय का?

खडकवेडा

थेट भोक पाडून नाही. पण बर्फ पडण्याआधीच्या नद्या त्या डोंगरांची माती घेऊन लॅम्बर्ट नावाच्या भेगेतून पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या प्रिड्झ उपसागराकडे जात. त्या समुद्रतळाचा गाळ जहाजावरून खणून काढलाय. त्यातले काही खनिजकण आतल्या डोंगरांतूनच आलेले असावेत असं अभ्यासकांना वाटतं, आणि त्यांची वयं फार जुनी निघालीत. दालदी_दर्यांच्या आजोबांच्या चरबीला चिकटलेली रेतीच समजा.

आणि प्रिड्झ उपसागर म्हणजे कुठला? लार्सेमान टेकड्या, जिथे २०१२ पासून आपलं 'भारती' हे दुसरं केंद्र आहे.

सह्यवेडी

मग ठीक. रेती आली. भाचीला आज सांगते की मावशी एका मार्काने नापास. तुमच्या आजोबांना माझा दंडवत, दालदी_दर्या.

चांदागडकर, इरईजवळचे ओरखडे बघायला यायचंय. निदान त्या बर्फाच्या खुणेवर तरी हात ठेवता येईल. मे महिन्यात सुट्टी आहे.

चांदागडकर

मे मध्ये? ताई, डांबर चपलेले चिकटते इथं. डिसेंबरात या, हुरडा खाऊ, मग नदीवर जाऊ. भाचीलेही घेऊन या. बाबांचा तो ठसा अजून टीव्हीजवळच आहे, फक्त आता टीव्ही भिंतीवर गेला.